पुढे झुकलेली लक्ष्मी

[काळा पडदा. हातोडीचे तीन ठोके. मग कसबा पेठेतल्या वाड्यातली माजघराची खोली.]

ही तसबीर नीट बघा. वाकडी नाहीये ती. खालची कड दोन जाड खिळ्यांवर टेकलेली आहे आणि वरची कड भिंतीपासून चांगली वीतभर पुढे आलेली. मागे सुतळी. जागा दाराच्या चौकटीच्याही वर, तुळईच्या जेमतेम खाली. कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी हत्ती. आणि ती अशी खोलीत वाकून बघतेय.

लहानपणी मला वाटायचं, आमच्या ताटात काय वाढलंय ते तिला दिसावं म्हणून असं टांगलंय. अगदीच चुकीचं नव्हतं ते. या खोलीत खुर्ची नव्हतीच. जेवण, अभ्यास, भाजी निवडणं, पाहुणे, दुपारचे पत्ते, सगळं जमिनीवर. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे असतात साधारण अडीच फुटांवर आणि तसबीर आठ फुटांवर. ती सपाट टांगली तर खाली बसलेल्याला चित्र दिसायच्या आधी काचेवर समोरच्या झरोक्याचा उजेड दिसणार. म्हणून झुकवायची. मागच्या कड्या वरच्या कडेजवळ मारल्या तर तसबीर भिंतीला चिकटते, खाली मध्याकडे आणल्या की आपसूक झुकते. हे कुणी शिकवायला जात नव्हतं, सुताराला माहीत असायचं.

मागे जी तिकोनी फट राहायची तिच्यात चिमण्या राहायच्या. काड्या, कापूस, एकदा तर आजीच्या वातीसुद्धा. पिल्लं उडून जाईपर्यंत लक्ष्मीला पुसायची बंदी. धूळ चालेल, म्हणायची आजी, बाळंतीण उठवायची नाही.

आता वाडा पाडायचा आहे. आईचं सामान बावधनच्या फ्लॅटमध्ये गेलं, भिंतीवरची ही एक राहिली होती.

[पेठेतलं फ्रेमचं दुकान. टेबलावर उलटी ठेवलेली तसबीर.]

दुकानातल्या काकांनी आधी विचारून घेतलं, “वहिनी, उघडू ना? मागून काय निघेल सांगता येत नाही.”

“उघडा,” आई म्हणाली. “घाबरून कुठं चालतंय.”

पाठीला खाकी कागद. तो सोलल्यावर खोक्याच्या पातळ फळ्या, कडेनं गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे. पकडीनं एकेक चूक उपटायला अर्धा तास गेला. फळ्या उचलल्या तर चित्राच्या पाठीवर त्यांच्या फटींच्या तपकिरी रेघा उमटलेल्या. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरत जातं, कागद आधी पिवळा होतो आणि मग कडक. एका कोपऱ्यात कसर लागली होती. तेवढा कोपरा गेला.

आणि मग चौकटीच्या खाचेत दडलेली खालची पट्टी बाहेर आली. बारीक इंग्रजी अक्षरं. रवी वर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. माझ्या आईनं आयुष्यभर या चित्रापुढे उदबत्ती लावली, ही ओळ तिनं पहिल्यांदा वाचली.

राजा रवी वर्मांनी 1894 साली मुंबईत हा छापखाना काढला. 1899 मध्ये तो घाट चढून मळवलीला आला, कार्ल्याच्या लेण्यांजवळ. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी याच छापखान्यासाठी काम केलं. छपाई दगडावरून व्हायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर एकापाठोपाठ एक रंग, तेही केसभर न हलता. शेवटी वरून व्हार्निश, म्हणजे तैलचित्राची चमक यायची. म्हणून नाव ओलिओग्राफ. 1972 मध्ये छापखान्याला आग लागली आणि तो संपला. पण तोवर राजवाड्यातल्या तैलचित्रांसारखी लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पोचल्या होत्या. त्याआधी वाड्यांमधून चित्र असायचं ते बहुतेक थेट भिंतीवर रंगवलेलं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ती अजून आहेत. ती चित्रं काढून दुसऱ्या घरी नेता येत नाहीत. तसबीर नेता येते.

आमच्या लक्ष्मीच्या पदराला खरी जर चिकटवलेली आहे. हे छापखान्याचं काम नाही, घरातल्याच कुणा बाईचं. तेव्हा घरोघरी करायचे, टिकल्या लावायचे, मणी लावायचे. काका म्हणाले, “हे काढून टाकू? चित्र क्लीन दिसेल.” आईनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं. विषय संपला.

जरीची तार उचलून आलेली, म्हणून काच तिला टेकून चालणार नव्हती. एरवीही टेकू नये, पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेबरोबर येतो. मधे जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी घातली, मागे फळ्यांऐवजी आम्ल नसलेला पुठ्ठा. चौकट जुनीच, सागवानी.

[फ्लॅट. अकरावा मजला. पांढरी, मोकळी भिंत.]

इथे सुरू झाली खरी भांडणं.

सोफ्याच्या वरच्या भिंतीसाठी घरच्यांनी मोबाइलवर चित्रं बघून ठेवली होती. तीन तुकड्यांत विभागलेलं एकच झाड, निळ्या-राखाडी छटेत, कारण सोफा राखाडी. मला हे कधी पटलं नाही. सोफा दहा वर्षांत भंगारवाल्याकडे जातो, त्याला मॅचिंग म्हणून चित्र घ्यायचं? पण मापाच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं. सोफ्यावर टांगायचं तर चित्र सोफ्याच्या दोनतृतीयांश रुंदीचं तरी हवं. सहा फुटी सोफ्यावर आमची चौदा बाय वीस इंचांची लक्ष्मी म्हणजे मोठ्या पाकिटावरचं तिकीट. तिची जागा ठरली जेवणाच्या टेबलाजवळ. तिथे कालनिर्णय आधीच लागलं होतं. घरातलं सगळ्यात जास्त बघितलं जाणारं भिंतीवरचं चित्र तेच, दुधाच्या हिशेबासकट. ते फ्रिजच्या बाजूला सरकलं.

सजावटीचं काम घेतलेल्या माणसानं सवयीनं तसबीर दाराच्या चौकटीच्या रेषेत, सात फुटांवर लावून टाकली. दोन दिवसांनी खिळा गिट्टीसकट, म्हणजे भोकात ठोकलेल्या खुंटीसकट, बोटानं हलायला लागला. नशीब, आईच्या लक्षात आलं.

ड्रिल मारताना भुकटीचा रंग बघायचा, हे आमच्या सुतारदादांचं सांगणं. लाल आली तर वीट, निर्धास्त मारा. राखाडी येतेय पण बिट पुढे जात नाही, तर काँक्रीट, ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर चालू करा आणि धीर धरा. राखाडी येतेय आणि बिट लोण्यात घुसल्यासारखं जातंय, तर तो हलका ब्लॉक. सगळे सिपोरेक्स म्हणतात तो. आत सगळे हवेचे बुडबुडे. तिथे हॅमर बंद, भोक गिट्टीपेक्षा जराही मोठं नको, आणि गिट्टी लांब घ्यायची. आमच्याकडे हाच ब्लॉक, आणि आधीच्या माणसानं हॅमर लावून आखूड गिट्टी ठोकलेली. आणखी एक, स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही. वायर तिथूनच गेलेली असते.

[वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन भिंतीवर टेपनं चिकटवलेले.]

या वेळी आधी कागद लावला. तसबिरीच्या मापाचा पेपर कापून भिंतीवर चिकटवायचा आणि दोन दिवस घरात वावरायचं. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फूट, ही गॅलऱ्यांची सवय. तिथे लोक उभे राहून बघतात. इथे आई खुर्चीत बसून चहा पिणार. आम्ही थोडं खाली आणलं. दादांनी भोकाखाली पाकीट चिकटवलं, भुकटी त्यात पडली. लेव्हल लावली. तसबीर चढली.

आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, “हिचं तोंड कुठंय?”

समोरच्या भिंतीवरची ट्यूब बरोबर लक्ष्मीच्या तोंडावर. पांढरी पट्टी, खाली नुसते हात आणि कमळ. ट्यूब हलवायची तर नवीन वायरिंग. बिनचकाकीची काच घालायची तर पुन्हा दुकान, पुन्हा चुका.

दादा क्षणभर गप्प. मग तसबीर उतरवली, उलटी करून टेबलावर ठेवली, मागच्या कड्या काढून चार बोटं खाली मारल्या. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना रबराचे गोळे लावले, म्हणजे घसरणार नाही आणि मागून वारंही खेळेल. पुन्हा टांगली. वरची कड दोन इंच पुढे आली. ट्यूब काचेवरून सरकत वर गेली आणि चौकटीबाहेर निघून गेली.

आईनं खुर्चीतूनच बघितलं. मग उठून, गालफड भिंतीला लावून, तसबिरीच्या मागे डोकावली.

“काय बघतेस?”

“जागा आहे का बघते. फार नाही.”

अकराव्या मजल्यावर चिमणी येत नाही. कबुतरं येतात, त्यांच्यासाठी बाल्कनीला जाळी लावली आहे.