नथ मोडायला नेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि घराघरांतले जुने डाग कपाटातून बाहेर निघतात. कुणी ठुशी उजळून आणतं, कुणी पाटल्या मोडून बांगड्या करतं. तुमच्या घरीही हे चाललं असेल, म्हणून आज वजनाचे आणि मोत्यांचे चार शब्द तुमच्या कानावर घालते.

आधी तोळा. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज पेढीवर तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या लग्नातल्या दागिन्यांच्या यादीत ‘पाटल्या, पाच तोळे’ असं असेल, तर काट्यावर ५८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. वापरून थोडी झीज होते, पण पन्नास ग्रॅम म्हणजे पाच तोळे असं मानून गप्प बसू नका. पुन्हा सांगते: जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर, आजचा दहाचा.

दुसरा शब्द कॅरेट. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता. २४ म्हणजे चोख, २२ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. हिऱ्यामाणकांचा कॅरेट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरेट कस सांगतो, खड्याचा कॅरेट वजन सांगतो. एवढं पाठ असू द्या.

आता माझ्या मावशीच्या नथीकडे येते. ही हकीकत मी भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगणारच.

मावशीला नातीसाठी कुड्या करायच्या होत्या. घरात तिच्या आईची नथ होती, तार वाकलेली, दोन मोती सैल झालेले. कुणी घालत नाही, तर मोडू या, असं तिनं ठरवलं आणि सराफ कट्ट्यावर गेली. पेढीवरच्या मुलानं तार कापली, मोती आणि मधला लाल खडा काढून बाजूला ठेवला, सोनं तोललं. मग म्हणाला, “मावशी, हे मोती पिवळे पडलेत. नव्या कुड्यांना पांढरेशुभ्र घालून देऊ. हे इथेच राहू देत.” मावशी म्हणाली, “आईचे आहेत. बांधून दे.” त्यानं कागदाची पुडी बांधून दिली. सोन्याचा सौदाही तिनं त्या दिवशी केला नाही. तार आणि पुडी घेऊन ती घरी आली.

दोन दिवसांनी ती तिची मोहनमाळ ओवून घ्यायला पटवेकऱ्याकडे गेली. दुकानाच्या पायरीशी बसणारे म्हातारे गृहस्थ, पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून गाठी मारत होते. मावशीनं सहज पुडी पुढे केली, “बघा हो, यांचं काही होईल का?” त्यांनी एक मोती चिमटीत धरला, उन्हाकडे केला आणि त्यात सुई घालायला गेले. सुई जाईना. दुसरी, त्याहून बारीक घेतली. तीही जाईना. मग ते मावशीला ‘अहो ताई’ म्हणाले. एरवी ते सगळ्यांना ‘मावशी’ म्हणतात. “अहो ताई, हे भोक आजचं नाही. हे हातानं विंधलेले मोती आहेत. घरात लग्नाची यादी आहे का बघा.”

आता हे भोक नीट समजून घ्या, कारण सगळी हकीकत त्या भोकावर आहे. जुना मोती वजनावर विकला जाई. भोक मोठं पडलं तर तेवढं वजन जाई, आणि मोत्याचा भाव वजनाच्या दुपटीला चौपट अशा हिशेबानं चढे. मुंबईच्या मोतीबाजारात त्या हिशेबाला ‘चव’ म्हणत. म्हणून विंधणारा जपून, बारीकच विंधायचा. इराणच्या आखातातले हे जुने मोती इराकमधल्या बसरा बंदराच्या नावानं ओळखले गेले. ते मुंबईत येत, इथे त्यांची प्रत लागे, विंधणं होई, रेशमात ओवणं होई, आणि मग ते पॅरिसपर्यंत जात. पुढे जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला, पुढे गोल मोतीही पिकू लागले, कल्चर्ड मोती बाजारात आले आणि आखातातला पाणबुड्यांचा धंदा बसला.

मावशीनं ट्रंक उपसली. यादी निघाली, पिवळा कागद, बोरूची अक्षरं: ‘नथ एक, वजन सहा मासे, पैकी मोती दोन मासे, बसरा.’ बघा, लिहिणाऱ्यानं ‘पैकी’ लिहून ठेवलं होतं! मोती मुंबईला प्रयोगशाळेत पाठवले. क्ष-किरणात नैसर्गिक मोत्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे आतपर्यंत दिसतात. कल्चर्डमध्ये बहुधा मधे गोल मणी आणि वर पातळ थर. नऊपैकी आठ मोती नैसर्गिक निघाले. नववा कल्चर्ड, कधीतरी डागडुजीत बसवलेला. त्या आठ मोत्यांची किंमत तारेच्या सोन्याहून कितीतरी जास्त आली.

पटवेकऱ्यानं ओवणावळीचे पैसे तेवढेच घेतले. इथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या दुकानात आपण घडणावळीचे टक्के मुकाट्यानं देतो आणि पायरीवरच्या या माणसाशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. हे बरं नाही. रफू करणारे, कल्हई करणारे, पटवेकरी, यांना प्रत्येक गावच्या मंडईत पक्की जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. असो.

तर मोत्यांचं पुन्हा एकदा. पिवळसर झाक म्हणजे मोती वाया गेला असं नाही. भोक बारीक असेल तर थांबा, विचारा, तपासून घ्या. दाताला घासून खरखर लागली तर मोती काचेचा नाही एवढंच कळतं. नैसर्गिक आणि कल्चर्ड, दोन्ही खरखरतात. ती निवड प्रयोगशाळाच करते.

आणि हॉलमार्क? दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सोन्याबद्दल बोलतो, मोत्यांबद्दल किंवा खड्यांबद्दल नाही. तेव्हा पावतीवर तीन वजनं वेगळी लिहून मागा: एकूण वजन, निव्वळ सोनं, आणि मोती-खडे. ठुशीसारख्या डागात मण्यांत लाख भरलेली असते, तिचंही विचारा. एकूण, निव्वळ, मोती-खडे. तीन वजनं.

मावशीनं नथ मोडली नाही. नव्या तारेवर तेच नऊ मोती, तोच लाल खडा बसवून घेतला. कुड्या दुसऱ्या सोन्यातून झाल्या. नथ आता नात घालते, नुसती लग्नाकार्यात नाही, गौरींना, पाडव्याला, अगदी मैत्रिणीच्या बारशालाही. मला ते फार आवडतं. मोती अंगावर असावेत, लॉकरच्या डबीत नव्हे. अत्तर मात्र आधी लावा, मोती नंतर घाला, आणि काढल्यावर मऊ कापडानं पुसा.

नव्या यादीत तिनं लिहिलंय: ‘नथ एक, मोती नऊ, पैकी आठ नैसर्गिक, एक कल्चर्ड.’ खाली ग्रॅममधलं वजन आणि तारीख. तुमच्या घरची यादी या रविवारी काढा, नसेल तर करायला बसा. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला शेजारी बसवा आणि ती सांगेल तसं लिहून घ्या. नमस्कार.