पोदेराचा भोंगा आणि वर्गांची बेरीज

(दृश्य: फोंडा, पहाट. सायकलचा भोंगा.)

भोंगा वाजला की वाड्यातली दारं एकेक करून उघडतात. सायकलच्या मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, आत पाव आणि उंडे. आजी पिशवी पुढे करते. "चार उंडे दे रे, कडक बघून."

या पोदेराची, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याची, बाजारावर पकड किती?

मापायची रीत सोपी आहे. प्रत्येक विक्रेत्याचा बाजारातला टक्का घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि वर्गांची बेरीज मांडायची. समजा गावात पाच पोदेर आहेत, टक्के ४०, ३०, १५, १०, ५. वर्ग झाले १६००, ९००, २२५, १००, २५. बेरीज २८५०. पाचही जण समसमान असते तर २०००, एकटाच असता तर १०,०००. पहिला पोदेर शेवटच्याच्या आठपट मोठा, पण बेरजेत तो चौसष्टपट भरतो.

याचं नाव हरफिंडाल-हर्शमन निर्देशांक. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी हे माप १९४५ साली परदेशी व्यापारासाठी वापरलं, शेवटी वर्गमूळ काढून. ऑरिस हरफिंडाल यांनी १९५० साली अमेरिकेच्या पोलाद उद्योगावरच्या प्रबंधात. बारसं मात्र हरफिंडाल यांच्या नावाने झालं, आणि १९६४ साली हर्शमन यांना एक टिपण लिहून सांगावं लागलं की पोर माझं आहे. अमेरिकेच्या कंपनी-विलीनीकरणाच्या २०२३ च्या नियमावलीत १८०० च्या वरचा बाजार मूठभरांच्या हातात गेलेला धरतात.

पण आपला २८५० हा आकडा नेमका कोणाचा? आजीच्या दारात पाच पोदेर येत नाहीत, एकच येतो. तिच्यापुरता आकडा १०,०००. आणि सगळा गोवा एकच बाजार धरला, तर तो नगण्य होतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, आकड्यांचे रकाने.)

संशोधक वाडे फिरत नाहीत, ताळेबंद उघडतात. एकेक कंपनी, तिची एकेका वर्षाची विक्री, अशी ओळीखाली ओळ. हा पॅनेल डेटा. उद्योग आणि वर्ष धरून टक्के काढले, वर्ग केले, की प्रोग्रामच्या चार ओळींत काम उरकतं.

माझी तक्रार इथेच आहे. तक्त्यात बहुधा मोठ्या कंपन्याच असतात. घरामागे काजू भाजणारा त्यात नसतो. समजा खऱ्या बाजाराचा ७० टक्केच भाग तक्त्यात आला आणि आपण त्यालाच १०० मानलं. सुटलेल्या छोट्यांचे वर्ग किरकोळच, त्यांनी फारसं बिघडत नाही. बिघडवतो तो भाजक. १०० ऐवजी ७० ने भागलं, वर त्याचा वर्ग केला, की निर्देशांक दुपटीच्या पुढे. म्हणून एकूण विक्री निदान वार्षिक उद्योग सर्वेक्षणातून घ्यावी. उलटी चूकही होते. एकाच घराण्याच्या तीन कंपन्या तीन ओळींत बसतात, आणि घराण्याची पकड कागदावर सैल दिसते.

(दृश्य: डिचोली, बंद खाण. मांडवीत उभा बार्ज.)

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये बंदी उठली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या. अशा वर्षी पडून असलेला माल विकणाऱ्या दोन-तीन कंपन्याच तक्त्यात उरल्या, तर निर्देशांक एकदम उसळेल. वाचणारा म्हणेल, मक्तेदारी आली. अहो, मक्तेदारी कसली? बाजारच उठलाय.

त्याहून मोठा घोळ सीमेचा. इथलं कमी प्रतीचं लोहखनिज मुख्यत्वे चीनला जायचं. भाव ठरायचा जगाच्या बाजारात, आणि ऑस्ट्रेलिया-ब्राझीलपुढे गोव्याच्या कंपन्यांचा टक्का चिमूटभर. आता ट्रकवाल्याला विचारा. कर्ज काढून ट्रक घेतलेला, तालुक्यात भाडं देणाऱ्या कंपन्या मोजक्या. त्याच कंपन्या, तीच वर्षं. खनिज विकताना किरकोळ, भाडं ठरवताना दांडग्या. तक्त्यातला एकच रकाना या दोन्ही गोष्टी सांगू शकत नाही.

(दृश्य: पुन्हा वाडा.)

परवा आजीचा पोदेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग वेगळाच भोंगा ऐकू आला, पलीकडच्या वाड्यातला. आजीने उंडा दाबून पाहिला.

"याचे कडक आहेत गो," ती शेजारणीला म्हणाली.