आधी सांगा, मग वाढा

(इंदूरमध्ये मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘ग्लुटेनमुक्त आहार आणि नव्या पदार्थांची भीती’. मी बोलणार आहे ते मात्र आग्रहाबद्दल. पंगतीतला, आपला लाडका आग्रह. दोन्हींचा संबंध काय, ते तासाभरात सांगायचा प्रयत्न करते. मी डॉक्टर नाही. पंचवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि घरात सीलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू न सोसणारं, एक मूल वाढवलं, एवढ्या अधिकारावर उभी आहे.

आपण मालव्यात राहतो. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही इथली म्हण तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यातली रोटी आज आपल्या डोळ्यांसमोर गव्हाचीच येते. माझ्या सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी गावाकडे रोजची भाकर ज्वारीची नाहीतर मक्याची, गहू पाहुण्यापुरता. पुढे सोयाबीन आलं, ज्वारीची शेतं आटली आणि पाहुण्यांचा गहू रोजचा झाला. सकाळी पोह्यांसोबत जिलेबी, रविवारी दाल आणि कणकेचे बाफले, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात कचोरी. या गावात एखाद्या लेकराला डॉक्टर सांगतात, आजपासून गहू बंद, जव बंद, तेही जन्मभर.

सीलिअ‍ॅक म्हणजे काय ते थोडक्यात. लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखं अस्तर असतं, अन्न तिथून शोषलं जातं. या लोकांच्या पोटात ग्लुटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती त्या अस्तरावरच उलटते आणि मखमल सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची खुंटते, रक्त कमी होतं. यावर गोळी नाही. ग्लुटेन टाळणं हाच उपचार.

गहू हाच गुन्हेगार आहे हे कळायलाही फार वेळ लागला. 1924 साली न्यूयॉर्कचे सिडनी हास या मुलांना केळी खायला घालत. मुलं सुधारायची, पण का सुधारतात ते नीट उमगलं नव्हतं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेना. आजूबाजूचे लोक खंगत असताना डिके यांची ही मुलं मात्र बरी होत होती, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं. मला ही गोष्ट दर वेळी हलवून जाते. अख्खं गाव उपाशी, आणि एका वॉर्डातली लेकरं पहिल्यांदाच बाळसं धरतायत.

असो. आता माझ्या धाकट्याची गोष्ट. ती थोडी लांबेल, पण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

तो नऊ वर्षांचा असताना निदान झालं. त्याआधी दोन वर्षं लोहाचं औषध, जंताचं औषध आणि ‘हा खातच नाही’ हे वाक्य. निदानानंतर मी घर धुऊन काढलं. पोळपाट-लाटणं नवं, तवा नवा, पिठाची चाळण नवी. चक्कीवर ज्वारी टाकायचे, तर तिथे आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, म्हणून घरी छोटी चक्की घेतली. एवढं करूनही पोट दुखायचं, रक्ततपासणीतले आकडे खाली येत नव्हते. आठ महिने गेले. एका दुपारी फोडणीचा डबा घासायला काढला आणि हिंगाची डबी खिडकीच्या उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचली. हिंग, खाद्य गोंद, गव्हाचं पीठ.

बांधानी, म्हणजे बाजारात तयार मिळणाऱ्या मिश्र हिंगात बहुतेक वेळा पीठ असतं हे मला माहीतच नव्हतं. रोजच्या वरणाला मी चिमूटभर हिंग घालत होते. मुलाला खरं सांगितलं. लपवणं बरोबर नव्हतं. त्याने डबी हातात घेतली, वाचली आणि विचारलं, “म्हणजे रोज तूच घालत होतीस?”

त्या दिवसापासून त्याने वरण सोडलं. मी बिनपिठाचा हिंग शोधून आणला, त्याला दाखवला, तरी नाही. वरणामागून आमटी गेली, कढी गेली, मग फोडणीचं जे जे असेल ते सगळं गेलं. ताटात उरलं काय, तर मऊ भात, तूप-मीठ, दही, उकडलेला बटाटा, केळं. वर्षभर हेच.

यात भर पडली ती एका सत्यनारायणाच्या प्रसादाने. नातेवाइकांकडे पूजा होती. कुणीतरी प्रेमाने त्याच्या ओंजळीत शिरा ठेवला. तो म्हणाला, मला चालत नाही. तर म्हणे, “अरे, यात मैदा नाही, रवा आहे.” मंडळी, रवा म्हणजे गहूच! दलिया गहू, शेवया गहू. पण हे सांगायच्या आत दुसरं वाक्य आलं, “प्रसादाला नाही म्हणू नये, एवढुशाने काय होतंय.” तो काही बोलला नाही. संपूर्ण आरती होईपर्यंत ओंजळ मिटून उभा राहिला. घरी आल्यावर खिशातून रुमाल काढला. शिऱ्याचं तूप रुमालातून झिरपून चड्डीला डाग पडला होता, एक बेदाणा रुमालाच्या घडीत चिकटला होता. त्याने प्रसाद टाकला नाही आणि खाल्लाही नाही. अकरा वर्षांच्या मुलाने याहून जास्त काय सांभाळायचं?

एवढुशाने काय होतं, त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अंदाजे तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज पन्नास मिलिग्रॅम गेलं तरी आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसलंय. म्हणजे पोळीचा साठावा भाग. पाटावर पोळीचे साठ तुकडे करून बघा एकदा. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं, तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. कायदा मिलिग्रॅम मोजतो आणि आपण चमच्याने आग्रह करतो.

या प्रसंगानंतर तो बाहेर काहीच खाईना, घरीसुद्धा डोळ्यांसमोर न शिजलेलं खाईना. सराफ्यात मित्रांबरोबर जायचा, गराडू तळताना बघायचा, पाण्याची बाटली घेऊन परत यायचा. गराडू म्हणजे कंद, त्यात गहू नाही. पण कढईत आधी काय तळलं ते कुणाला विचारणार? नातेवाईक म्हणायचे, नखरे वाढलेत. खरं सांगते, मलाही एकदा तसं वाटलं होतं.

आता अभ्यासक काय म्हणतात ते. 1955 मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांना गोड पाणी पाजून किरणोत्सर्गाने आजारी केलं. उंदरांनी ते गोड पाणी सोडलं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की खाणं आणि आजार यांत काही तासांचं अंतर असलं, तरी शरीर दोन्हींची गाठ बांधतं, आणि त्याला एकच प्रसंग पुरतो. माझ्या मुलाचं वरण असं सुटलं. शरीराने घेतलेला धडा होता तो, हट्ट नव्हता.

दुसरी गोष्ट 1992 ची. पॅट्रिशिया प्लिनर आणि कॅरन हॉब्डन यांनी नव्या पदार्थांची भीती मोजायला दहा विधानांची पट्टी तयार केली. विधान किती पटतं त्याला गुण द्यायचे. त्यात एक विधान अशा अर्थाचं आहे की पदार्थात काय आहे हे ठाऊक नसेल, तर मी तो चाखणार नाही. हे ज्याला पटतं तो जास्त भित्रा ठरतो. मी हे वाचलं आणि थांबले. तुमच्या-माझ्यासाठी ठीक आहे. पण सीलिअ‍ॅकच्या माणसाला तर डॉक्टर हेच सांगतात! त्याच्या बाबतीत ते पथ्य आहे. त्याच पट्टीवरचं दुसरं विधान, नव्या पदार्थांवर माझा भरवसा नसतो, हे मात्र वेगळं. ही खरी भीती, आणि तीच माणसाला पाच पदार्थांत कोंडून ठेवते. या दोन धाग्यांचा गुंता आपण करतो. ‘खा रे, काही होत नाही’ म्हणतो तेव्हा आपण पथ्य मोडू बघतो आणि भीती पक्की करतो. पथ्याला हात न लावता भीती सैल करायची, आजचा माझा मुद्दा एवढाच.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली, सात मिनिटं. करायचं काय, हे सांगायचं तर अजून सगळंच राहिलंय. भरभर सांगते.

आपल्याकडे याचा नमुना आधीपासून आहे, एकादशी. उपास असलेल्या माणसाला आपण कधी म्हणतो का, की अर्धी पोळी खा, एवढ्याने काय होतं? म्हणत नाही. त्याचा तवा वेगळा, तूप वेगळं, साबुदाण्यात आपला चमचा घालत नाही. जिऱ्याची फोडणी चालते की नाही, हळद चालते की नाही, हे आधी विचारतो, प्रत्येक घराची रीत वेगळी म्हणून. मग तेवढाच मान या मुलाच्या पथ्याला द्या. आणि उपासाचं फडताळ उघडून बघा. वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळं मुळात ग्लुटेनमुक्त. फक्त सुटं पीठ घेऊ नका, त्याच चक्कीवर गहूही दळतात. राजगिरा निवडून घरी दळा.

नवा पदार्थ ओळखीच्या पदार्थाच्या शेजारी ठेवा. दहीभात खाणाऱ्याला वऱ्याच्या तांदळाचा दहीभात, राजगिऱ्याचा लाडू आवडला तर नाचणीचा. एकदम दुकानातला परदेशी पास्ता नको. लहान मुलाला नवी चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती चाखावी लागते. जबरदस्ती नको, आधी नुसती ताटलीत दिसू द्या, मग कणभर चाखू द्या. आणि हे पाच पदार्थांवर राहणं साधं नाही. चोथा, लोह, फोलेट, कॅल्शियम कमी पडतं. गहू जातो आणि त्याच्या जागी नुसता पांढरा भात येतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी यायलाच हव्यात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात त्याचा असू द्या. माझ्या मुलाची वाट भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कणसाच्या, किसाने उघडली. चौदावं वर्ष, पावसाळा, घरात कोवळे भुट्टे आले होते. मी म्हटलं, खाऊ नकोस, नुसते किसून दे. तो किसणी घेऊन ओट्याशी बसला. दाणे फुटून दूध ताटलीत उतरत होतं, दोनदा बोट खरचटलं. तुपाचा डबा त्यानेच उघडला, मोहरी त्यानेच टाकली, हिंग नको म्हणाला, नाही घातला. मिरची, किस, दूध, आणि मग तळाला लागू नये म्हणून वीस मिनिटं ढवळत उभा. कडा सुटल्यावर लिंबू पिळलं. मी पाठमोरी भांडी विसळत होते, मुद्दामच. मागून चमच्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग म्हणाला, मीठ कमी आहे.

तो आता बावीस वर्षांचा आहे, बाहेर खातो, पण आधी विचारतो आणि उत्तर नीट मिळालं तरच खातो. वरण मात्र अजून खात नाही. मी परत विचारलेलं नाही.

घंटा वाजली. बाहेर टेबलावर किसाचं पातेलं ठेवलंय, सकाळी घरी आम्ही दोघांनी केलाय. शेजारी चिठ्ठी आहे: मका, दूध, तूप, मोहरी, हिरवी मिरची, साखर, मीठ, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर. हिंग नाही. कढई आमच्या घरची, तिच्यात गहू कधी शिजत नाही. पातेल्यातला चमचा दुसऱ्या कशात घालू नका. चिठ्ठी वाचून घ्या, आणि नको वाटलं तर नका घेऊ.