आमदाराची अटक आणि मतदाराचे बाक

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला फोनवर विचारले, "आमदारांचे मानवाधिकार? त्यांना आणखी काय द्यायचे राहिले आहे?" प्रश्न खोचक होता, पण गैरलागू नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये गोव्यात एका पक्षाच्या अकरापैकी आठ आमदारांनी एकाच दिवशी पक्ष बदललेला आपण पाहिला आहे आणि त्याआधी २०१९ मध्ये पंधरापैकी दहांनी तेच केले होते. अशा राज्यात आमदाराच्या हक्कांविषयी कळवळा मागणे अवघड आहे, म्हणून तो मी मागणारच नाही. मला बोलायचे आहे ते त्या बाकाविषयी, ज्यावर आमदार बसतो, पण जे मतदाराचे असते.

आग्वादच्या तुरुंगाचे आता संग्रहालय झाले आहे. मुक्तिलढ्यात पोर्तुगीजांनी डांबलेल्यांची नावे निघाली की आपण नानासाहेब गोरे आणि मधू लिमये यांची नावे घेतो, पण त्रिदिब चौधुरी हे नाव क्वचितच ऐकू येते. १९५५ साली ते सत्याग्रही म्हणून गोव्यात आले तेव्हा बंगालमधील बहरामपूरचे विद्यमान लोकसभा सदस्य होते. पोर्तुगीज राजवटीने त्यांना शिक्षा ठोठावली आणि १९५७ पर्यंत कोठडीत ठेवले. गोव्याशी काडीचा संबंध नसलेल्या बहरामपूरच्या मतदाराचा प्रतिनिधी त्या काळात संसदेत नव्हता. आपल्या स्वातंत्र्याची थोडी किंमत त्या मतदारानेही मोजली, असे मला वाटते.

पोर्तुगालच्या सालाझारची राजवट परकी होती, म्हणून हे उदाहरण पचायला सोपे जाते. दुसरे उदाहरण घरचे आहे. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी काही खासदार बंगळूरला जमले होते. पक्षांतरबंदी हा शब्द गोमंतकीयांनी इथे जरा थांबून ऐकावा. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या वाजपेयी, अडवाणी आणि मधु दंडवते यांना तिथेच अटक झाली. दंडवते आपल्या सीमेला लागून असलेल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात तुकडी घेऊन उतरलेले. जुलै-ऑगस्टमध्ये संसद भरली, अडतिसावी आणि एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि राजापूरच्या मतदाराचे मत त्यात बाजूनेही नव्हते, विरोधातही नव्हते. संसद बंद झाली नव्हती. तिच्यातली काही बाके तेवढी रिकामी केली होती, आणि सभागृह निकामी करायला एवढे पुष्कळ असते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू, कारण आमदाराला हात लावता येत नाही, हा गैरसमज न्यायालयाच्या आवारातही भेटतो. संविधानाचा अनुच्छेद १९४ सभागृहातील भाषणाला आणि मताला संरक्षण देतो. दिवाणी प्रकरणातील अटकेपासून अधिवेशनात आणि त्याच्या मागेपुढे चाळीस दिवस सूट मिळते. फौजदारी गुन्ह्याला अशी सूट नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे खटल्याविना कोठडीत ठेवण्याला, तर अजिबात नाही. १९६५ साली आनंद नंबियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थानबद्ध खासदाराला अधिवेशनाला हजर राहण्याचा हक्क नाही. मत देण्यासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचा आडोसा नाही, हे सीता सोरेन प्रकरणात मार्च २०२४ मध्ये ठरले आणि सभागृहात मोडतोड करणाऱ्यालाही तो नाही, हे केरळच्या प्रकरणात २०२१ मध्ये. हे दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. चोरी करणाऱ्या आमदारावर खटला चाललाच पाहिजे.

मग संरक्षण उरते कशात? ते कार्यपद्धतीत उरते. सदस्याला अटक झाली की ती कळवण्यासाठी लोकसभेच्या नियमावलीत एक नमुना दिला आहे. न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा संबंधित अधिकारी अध्यक्षांना लिहितो की अमुक कलमान्वये अमुक सदस्याला अटक करणे मला माझे कर्तव्य वाटले. पुढे कारण, वेळ, तारीख आणि शेवटी, सध्या ते अमुक ठिकाणच्या अमुक तुरुंगात आहेत. प्रत्येक ठिकाणी टिंबांची एक ओळ सोडलेली आहे. वकिलीत मी रुक्ष कागद पुष्कळ हाताळले, पण या टिंबांइतके बोलके थोडेच असतील. कोणी, कोणत्या कलमाखाली, किती वाजता आणि माणूस आता कुठे आहे, ही चार उत्तरे सभागृहाला मिळावीत एवढीच त्यांची मागणी आहे. जिथे ती मिळत नाहीत तिथे काय होते ते इटलीने पाहिले. जाकोमो मात्तेओत्ती या खासदाराने ३० मे १९२४ रोजी निवडणुकीतील फॅसिस्टांच्या दांडगाईवर भाषण केले, १० जूनला रोममध्ये त्याला पळवून नेले आणि ऑगस्टमध्ये त्याचे प्रेत सापडले.

असे टोक दर वेळी गाठावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या लिली थॉमस निकालानंतर, म्हणजे २०१३ पासून, दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झाली की सदस्यत्व तत्काळ जाते. गुन्हेगारांना सभागृहाबाहेर ठेवण्यासाठी हे आवश्यकच होते. पण त्यामुळे कनिष्ठ न्यायालयाच्या एका आदेशाला मतदारसंघाचा प्रतिनिधी काढून घेण्याची ताकद आली. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्या दिवशी सदस्यत्व रद्द झाल्याची अधिसूचना निघाली, ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ७ तारखेला ते परत आले. त्यांच्या राजकारणाविषयी इथे प्रत्येकाचे वेगळे मत असेल, ते असू द्या. वायनाडचे बाक साडेचार महिने रिकामे होते.

मतदाराचा हा धागा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अचूक पकडला. तुर्कस्तानने मे २०१६ मध्ये अनेक खासदारांचे संरक्षण एका फटक्यात काढले आणि नोव्हेंबरमध्ये विरोधी नेते सेलाहत्तीन देमिर्ताश यांना अटक केली. डिसेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने केवळ त्यांचे वैयक्तिक स्वातंत्र्य हिरावल्याचे म्हटले नाही. मुक्त निवडणुकांच्या हक्काचाही भंग झाला, असे ठरवले.

जगभरच्या अशा तक्रारी जिनिव्हातील आंतरसंसदीय संघाकडे जातात. १८८९ साली स्थापन झालेल्या या संघाने खासदारांच्या मानवाधिकारांसाठी १९७६ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. योगायोग पाहा: भारतात तेव्हा आणीबाणी होती आणि त्या वर्षापर्यंत संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद आपले गुरदयालसिंग धिल्लाँ यांच्याकडे होते. समितीत दहा खासदार असतात, बैठका बंद दाराआड होतात आणि स्वतःच्या देशाच्या प्रकरणात सदस्याने बसायचे नसते. तक्रार पीडित सदस्य, त्याचे कुटुंब, वकील किंवा सहकारी करू शकतात. समिती सरकारचे म्हणणे मागवते, शिष्टमंडळ पाठवते, खटल्याला निरीक्षक बसवते. तिच्याकडे पोलीस नाहीत. म्यानमारचे माजी खासदार फ्यो झेया थॉ यांना जुलै २०२२ मध्ये फाशी दिली गेली, ती जगाचा निषेध थांबवू शकला नाही. तरीही कोर्टाच्या मागच्या बाकावर परदेशी निरीक्षक वही उघडून बसला की युक्तिवादाचा सूर बदलतो, हे वकिलांना सांगावे लागत नाही.

स्त्री सदस्यांचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे कागदच नसतो. याच संघाने २०१६ साली ३९ देशांतील ५५ महिला खासदारांशी बोलून अभ्यास केला. त्यांतील ८१.८ टक्के जणींनी मानसिक छळ सोसल्याचे सांगितले, ४४.४ टक्के जणींना जिवे मारण्याच्या, बलात्काराच्या, मारहाणीच्या किंवा पळवून नेण्याच्या धमक्या आल्या होत्या. आपल्या चाळीस सदस्यांच्या विधानसभेत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एखादी पुढच्या निवडणुकीला नकोच म्हणाली, तर त्यामागचे कारण कोणत्या नमुन्यात भरायचे?

संयोजकांच्या प्रश्नाकडे परत येतो. ज्या आमदाराला आमिषाने हलवता येते, त्याला खटल्याच्या भीतीनेही हलवता येते. गोव्यातील कोणी कशामुळे पक्ष बदलला ते मी जाणत नाही आणि त्यावर बोलणारही नाही. मात्र प्रलंबित खटला वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवणे आणि आमदार बाजू बदलताच तो गुंडाळणे, या दोन्ही गोष्टी मतदाराच्या विरोधात जातात. आमदार-खासदारांवरील खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला तो म्हणूनच मला मोलाचा वाटतो. यापुढे कोणत्याही पक्षाच्या आमदाराच्या अटकेची बातमी आली, की पर्वरीला गोवा विधानसभेच्या सभागृहात त्याची सूचना कधी वाचली गेली आणि त्यातल्या किती टिंबांवर काही लिहिले होते, एवढे तरी आपण विचारून पाहू या.