पहिली अढी

(दृश्य : शाळेचं पटांगण. मल्लखांबाला तेल चोळणारे हात, अगदी जवळून.)

इंदूर. जानेवारीतली सकाळ, पावणेसात. थंडीनं एरंडेल घट्ट झालंय, म्हणून सर ते आधी तळहातांवर चोळून पातळ करतात आणि मग खांबाला लावतात. तेल कमी पडलं तर मांडीची कातडी सोलवटते, जास्त झालं तर पकडच बसत नाही. कालच्या तेलात धूळ बसून काळा थर होतो, तो कोरड्या फडक्यानं आधी काढायचा. त्यावरच नवं तेल फासलं की खांब एका जागी चिकट, दुसऱ्या जागी निसरडा. चढणाऱ्याला अंदाजच येत नाही.

(दृश्य : खांब, बुंध्यापासून बोंडापर्यंत.)

हा पुरलेला मल्लखांब. लाकूड शिसवाचं किंवा सागाचं. जमिनीवर साधारण सव्वादोन ते अडीच मीटर. बुंध्याशी घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास, वर निमुळता होत ३५. त्यावर मान, मानेवर बोंड, म्हणजे टोकाचा गोळा. खाली मांड्यांना भरपूर लाकूड मिळावं, वर मान पंजात मावावी, म्हणून हा उतार.

खांब आणला की झालं, असं शाळांना वाटतं. गाद्यांचं कुणी विचारत नाही. त्या चारी बाजूंनी खांबाला भिडलेल्या हव्यात. दोन गाद्यांमधली फट म्हणजे घोटा मुरगळायची हमखास जागा.

(दृश्य : रांगेत बैठका मारणारी मुलं.)

मुळात हा पैलवानांचा सराव. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. २०१३ मध्ये मध्य प्रदेशानं तो राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. शेजारच्या उज्जैनच्या योगेश मालवीयांना मल्लखांबासाठी २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तरी पटांगणात जागा निघाली की आधी क्रिकेटची खेळपट्टी होते, ते सोडा.

(दृश्य : भिंतीशी उभी आई. हातात मुलीची ट्रॅक पॅन्ट.)

पहिल्या दिवशी मुलगी ही पॅन्ट घालूनच चढायला गेली आणि सरळ खाली घसरली. तेलकट लाकडावर कापड धरत नाही, धरते ती उघडी कातडी. म्हणून आखूड चड्डी. बांगडी, अंगठी, गळ्यातली साखळी घरी. नखं कापलेली. मुलींना दोरीचा मल्लखांब आणि मुलांना लाकडी खांब, ही वाटणी बरीच वर्षं चालली. आता स्पर्धांत मुलीही खांबावर असतात.

तीन आठवडे ती खांबावर चढलेली नाही. बैठका, पोटाचे व्यायाम, दोरीला लोंबकळणं, भिंतीला पाय टेकून उलटं उभं राहणं. घरच्यांना हे खेळ शिकल्यासारखं वाटत नाही. पण अढीत, म्हणजे मांड्यांनी खांब आवळून धरायच्या पकडीत, अंग उलटं होतं, आणि कधीच उलटं न झालेल्या पोराला तिथे वर-खाली कळेनासं होतं. घाबरून ते पाय सोडतं.

(दृश्य : पहिली अढी, संथ गतीत.)

दोन्ही हातांनी खांब धरायचा, अंग लाकडाजवळ ठेवायचं. उडी घेऊन कंबर डोक्याच्या वर न्यायची आणि मांड्यांनी खांब आवळायचा. डोकं खाली. सरांचा एक हात तिच्या कंबरेशी, दुसरा खांद्याखाली. नवखी मुलं चुकतात ती कंबरेत : ती खांबापासून लांब राहिली की सगळा भार हातांवर येतो, आणि हात दोन-तीन सेकंदांत दमतात.

भिंतीकडून ‘सांभाळ गं!’ आलं की पोर मान वळवतं. मानेमागून खांदा, खांद्यामागून कंबर, आणि मांड्या सैल. म्हणून पालकांना इथे एकच नियम : मूल खांबावर असताना तोंडातून अक्षर काढायचं नाही.

(दृश्य : आईचा चेहरा. निवेदन नाही.)

उतरताना आधी तळवे गादीला, कोपरं किंचित वाकलेली, हनुवटी छातीशी, मग पाय. ताठ हातांवर उतरलं की मनगट जातं. तुकडीतल्या एका मुलाचं गेलं, तो महिनाभर आला नाही.

(दृश्य : मुलगी गादीवर. फडकं घेतलेले सर.)

अढी चार सेकंद टिकली. घाम लागलेली जागा पुसून सर पुन्हा तेल लावतात. रांगेतला पुढचा मुलगा मनगटावरचं घड्याळ काढून वडिलांकडे देतो.