नांगर टाकता येतो का?

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘खरा दर्यावर्दी कसा ओळखावा’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘पाच लक्षणे’. पाच हा आकडा संयोजकांचा. माझ्या मते लक्षण एकच, बाकीची चार त्याच्या मागोमाग येतात. तरी पाचही सांगतो. पावणेआठला सभागृह सोडायचंय, दाराशी तबल्याच्या क्लासची मुलं येऊन उभी आहेत.

ठाणेकराला खाडी माहीत असते ती कळव्याच्या पुलावरून, तीही लोकल मध्येच थांबली तर. (हशा) हसू नका, नवी मुंबईकरांचंही वाशीच्या पुलावर तेच होतं.

शिडाच्या बोटीतून लांब जाणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वादळात सुकाणू धरून उभा असलेला दाढीवालाच येतो. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत चार बंदरांत थांबून. मग १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी त्याच बोटीतून मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता १५१ दिवसांत फेरी पुरी केली. बोट गोव्याची, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. सगळ्यांना दंडवत. पण न थांबता जाणं हा पराक्रम, आणि बोट घेऊन बंदरोबंदरी भटकणं हा संसार. आज मी संसाराबद्दल बोलतोय.

या संसारात बोट चालते कमी, थांबते जास्त. मुंबई ते पणजी सव्वादोनशे सागरी मैल धरा. पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, सलग गेलात तर ४५ तास. तेच जंजिरा, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं करत गेलात तर आठवडा, आणि प्रत्येक रात्र नांगरावर. म्हणून कुणी ‘मी अमुक हजार मैल केलेत’ म्हणाला की माझा प्रश्न ठरलेला: नांगर टाकता येतो का?

तुम्ही म्हणाल, त्यात काय यायचंय? हेच माझं दुखणं आहे. रविवारी मांडव्याला किनाऱ्यावर उभे राहून बघा. बोट वेगात येते, पुढे उभा असलेला नांगर फेकतो, हो, फेकतो, त्याच्या डोक्यावर साखळीचा ढीग ओततो, हात झटकतो आणि सेल्फी काढतो. स्कूटर स्टँडला लावल्यासारखं. साखळी नांगराच्याच फळात, म्हणजे तळात रुतणाऱ्या पात्यात, अडकलेली, नांगर आडवा पडलेला. वारा नाही तोवर ढिगाच्या वजनावर बोट उभी राहते आणि मालकाला वाटतं, जमलं.

आता हिशेब करू. कागद-पेन असेल तर काढा. दहा मीटरची बोट, पंधरा किलोचा नांगर, आठ मिलिमीटरची साखळी. ही साखळी मीटरला दीड किलोच्या आसपास भरते. तुम्ही ओहोटीला आलात, खोली दाखवणारं यंत्र सांगतंय तीन मीटर. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, साखळीचा रोलर पाण्यापासून एक मीटर वर. झाले चार. नियम पाचपटीचा, म्हणून वीस मीटर साखळी सोडली आणि जेवायला बसलात. पण दिवस उधाणाचे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरपर्यंत जातो. सहा तासांनी खोली साडेसात, रोलर धरून साडेआठ. तुमची वीस मीटर साखळी आता पाचपट नाही, सव्वादोनपटीच्या जरा वर आहे. साखळी तळावर लोळत होती तोवर नांगरावरची ओढ आडवी होती, फळ गाळात रुतत होतं. आता ओढ वरच्या दिशेने आली, फळ उखडलं, नांगर घसरला. हे रात्री दोनला होतं, कारण भरती रात्री दोनला आहे. त्यात नांगराचा दोष काय? हिशेब भरतीच्या पाण्याचा करायचा. साडेआठ पंचे साडेबेचाळीस मीटर. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट.

आणि उलटं. भरतीला आलात, पाच मीटर पाणी बघून खूश झालात. ओहोटीला उरतं अर्धा मीटर, आणि तुमच्या बोटीचा तळ पाण्यात दीड मीटर. खाडीच्या गाळात कललेली बोट फ्लेमिंगो बघायला उत्तम. (हशा)

भरती कधी, हे ॲप सांगतं, पण आधीच्या रांगेत बसलेल्यांना पाऊणकी पाठ असेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत आत यावं तशी आणखी उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. आपले तांडेल, म्हणजे मच्छीमार होड्यांचे म्होरके, हे बोटांवर मोजतात. आपण मात्र कालनिर्णय फक्त उपासासाठी उघडतो.

टाकायचा कसा? बोट वाऱ्याकडे, आणि पाण्याची ओढ, म्हणजे प्रवाह, जोरात असेल तर त्या ओढीकडे तोंड करून थांबवायची. पूर्ण थांबवायची. नांगर तळाला टेकेपर्यंत हाताने किंवा विंचने, म्हणजे साखळी गुंडाळणाऱ्या यंत्राने, सोडायचा. बोट मागे सरकू लागली की साखळी लांब पसरत जाईल एवढ्याच वेगाने सोडायची. पाच-पाच मीटरवर साखळीला रंगाच्या खुणा हव्यात, अंधारात अंदाज कामाचा नाही. पुरती सोडली की इंजिन मागच्या गिअरला, आधी रेस न देता. आपल्याकडचा तळ मऊ गाळाचा. पहिल्याच झटक्याला जोर लावलात तर नांगर लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. दहा-पंधरा मिनिटं बसू द्यायचा, मग हळूहळू जोर वाढवायचा. गाळात रुंद, चपट्या फळांचा नांगर चांगला धरतो. अरुंद फळाचा गाळ उकरत जातो.

धरला हे कशावरून? बोटीच्या बाजूला किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, पुढे खांब, मागे टॉवर. इंजिन जोरात मागे खेचत असताना दोन्ही एकमेकांना सोडून सरकायला लागल्या तर नांगर घसरतोय, उचला आणि पुन्हा टाका. पुन्हा टाकायची लाज वाटते ती इथे. शेजारच्या बोटीवरचे बघतायत ना! साखळीवर पाय ठेवूनही कळतं, घसरणारा नांगर तळव्याला खडखड सांगतो.

शेवटी आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला आकड्याने अडकवून नाळेवरच्या खुंट्याला बांधायचा आणि साखळी मध्ये थोडी सैल सोडायची. नायलॉन ताणतो, हिसके खातो. हे न करता सगळा भार विंचवर ठेवणारे पुष्कळ, आणि मग विंचचे दाते गेले म्हणून विकणाऱ्याला शिव्या. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, दिवसा पुढे काळा गोळा. आणि लक्षात ठेवा, दर सहा तासांनी ओढ उलटते, बोट फिरते, नांगर उपटून पुन्हा रुततो. रुततो की नाही हे बघायला त्या वेळी उठावं लागतं. बोटीभोवती साखळीची लांबी अधिक बोटीची लांबी एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मोकळं हवं.

किती वाजले? साडेसात! बरं, उरलेली चार आता पटापट घेतो.

दुसरं, दुरुस्ती. ‘सुहैली’ ही ३२ फुटांची सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १९६८ मध्ये निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, एकट्याने न थांबता पृथ्वीला फेरी मारणारे पहिले माणूस ठरले. ही फेरी म्हणजे शर्यत होती; निघाले नऊ, पोचले हे एकटे. वाटेत फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा ते भर समुद्रात बोटीखाली उतरले आणि कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या छोट्या खिळ्यांनी ठोकून आले. तुम्हाला एवढं नको. तुम्हाला इंजिनच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा बदलता आला पाहिजे. खाडीतली प्लास्टिकची पिशवी पाणी ओढायच्या तोंडाला चिकटते, पंप कोरडा फिरतो आणि पंखा बघता बघता जळतो. दोन पंखे, एक पट्टा, डिझेलचे चार फिल्टर जवळ हवेत. आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दव धरतं, डिझेलमध्ये पाणी उतरतं.

तिसरं, पाणी आणि जेवण. पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार लिटर. दोघांना दहा दिवस म्हणजे ऐंशी, तेही दोन वेगळ्या टाक्यांत, एक गळली तरी दुसरी राहते. भांडं एकच न्यायचं असेल तर प्रेशर कुकर, बोट कलंडली तरी झाकण उघडत नाही.

चौथं, पहारा. बसल्या जागेवरून तुमचं क्षितिज जेमतेम तीन मैलांवर. मोठं जहाज त्याही पलीकडून दिसतं हे खरं, पण ते वीस नॉटने येतंय, धुकट हवेत मिनिटं हातात थोडीच. म्हणून दर दहा मिनिटांनी चारी बाजूंना नजर. न्हावाशेव्याच्या वाटेवर तर जहाजाला चॅनेल, म्हणजे खोल पाण्याची वाट, सोडता येत नाही, बाजूला आपणच व्हायचं. ‘शिडाला पहिला मान’ हे तिथे चालत नाही.

पाचवं, मच्छीमार. डोल जाळी खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेली असतात, त्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, दिसले की दोन बोयांच्या मधून जायचं नाही, वळसा घालायचा. बोट ढकलणाऱ्या पंख्यात दोर गुंतलाच तर आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि मगच पाण्यात. ओढ जोरात असेल तर आधी नांगर. दोर कापण्यापूर्वी जवळच्या होडीला हाक मारा. बहुतेक वेळा तो खलाशीच तुमच्यापेक्षा लवकर सोडवून देतो. कापावाच लागला तर जाळ्याचे पैसे तिथल्या तिथे द्या.

तबल्याची मुलं आत आली, तेव्हा थांबतो. प्रश्न बाहेर चहाजवळ घेऊ, आणि साखळीचा हिशेब ज्यांचा चुकला त्यांनी कागद घेऊन या.