चष्मा घरी राहिला
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण)

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटून झाला, हलव्याचे दागिने घातलेल्या पोरांचे फोटोही काढून झाले. आता पाच मिनिटं माझं ऐका. आज इथे प्रत्येक जण नव्या वर्षाचा संकल्प सांगतोय. माझा संकल्प माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या एका वाक्यातून निघालाय.

दिवाळीला आई आमच्याकडे आली. एका रविवारी लेक मराठी शाळेचं पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेली. "आजी, हा धडा वाचून दाखव ना." आई म्हणाली, "बाळा, चष्मा घरी राहिला." रात्री जेवताना लेक मला म्हणते, "बाबा, चष्मा तर आजीच्या डोळ्यांवरच होता."

मंडळी, चष्मा घरी राहतो हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. एसटीच्या पाटीसमोर, रेशनच्या दुकानात, लग्नपत्रिका हातात आल्यावर. मला कळत होतं. घरात सगळ्यांनाच कळत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. माझ्या शिक्षणाच्या कर्जाच्या कागदांवर सही करण्यासाठी ती सही तेवढी शिकली. ती सही ती रांगोळीसारखी काढते, त्यातलं एक अक्षर वेगळं दाखवलं तर ओळखू येत नाही. त्या रात्री बायको मला स्पष्टच म्हणाली, "ऑफिसात नव्या पोरांना दिवसदिवस शिकवतोस, आईजवळ कधी बसलास?" बाहेर आई जागीच होती. तिने सगळं ऐकलं आणि दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

मग तिला विचारून सुरुवात केली. 'अ अननसाचा' असं नाही, तिच्याच नावापासून. तिच्या नावात तीनच अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. पेन्सिल तिने खुरप्यासारखी मुठीत धरली आणि इतकी दाबली की पहिल्या ओळीतच टोक मोडलं. लेकीने टोक करून दिलं. 'म' आणि 'भ' अजून चुकतात. पण गेल्या आठवड्यात डब्यावर लेकीने चिकटवलेली पट्टी तिने बोट ठेवून वाचली, "मी... ठ." मग झाकण उघडून चिमूटभर तोंडात टाकून खात्री केली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ती आमच्याच जिल्ह्यात. रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांचे वर्ग भरायचे. माझी आजी तिथे अक्षरं शिकली. तेव्हा लहानगी आई धाकट्या भावाला मांडीवर घेऊन दारात बसायची. थोरली असल्यामुळे तिची शाळा पुढे झालीच नाही. आणि आजी? ती शिकलेलं विसरून गेली. घरात वाचायला काही नव्हतं, वाच म्हणणारंही कुणी नव्हतं. मला खरी धास्ती या गोष्टीची आहे.

वय झालं म्हणून शिकता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. आपण त्या ८२ कडे बघून खूश होतो. उरलेल्यांत आपल्याच घरची माणसं आहेत.

इथे थोडं बोलतो, राग मानू नका. मुलांना मराठी वाचता येत नाही म्हणून आपण दर सभेत हळहळतो. पण हॉलच्या कडेच्या खुर्च्यांवर शाली पांघरून बसलेल्या आपल्या आया, सासवा, मावश्या? कार्यक्रमपत्रिका हातात आली की घडी करून पर्समध्ये कोण ठेवतं, हे आपण कधी बघितलंय का? पुण्याला गेलो की घरी कामाला येणाऱ्या मावशींना साडी देतो, चॉकलेटं देतो. तुम्हाला वाचता येतं का, हे त्यांना आपल्यापैकी कितींनी विचारलंय? मी तरी नाही.

रविवारी मुलांची शाळा भरते तेव्हा शेजारची खोली रिकामीच असते. मी तिथे बसणार आहे. आणखी दोघं-तिघं आलात तर फार बरं होईल. पाहुण्या आलेल्या आजींना नुसतं चहाला म्हणून आणा. तिथे पाटी आहे हे आधी सांगू नका. चारचौघांत लाज वाटते, आईलाही वाटली. आज तिचं नाव घेऊ का, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "गोष्ट सांग, नाव नको."

मार्चअखेर ती परत जातेय. गावात साक्षरतेचा वर्ग आहे, पण ओळखीच्या लोकांदेखत पाटी घेऊन बसायला ती तयार नाही. व्हिडिओ कॉलवर मला तिचा हात धरता येत नाही. लेक रोज विचारते, "बाबा, आजी गेल्यावर विसरेल का?" काल आईने वहीतलं अर्धं कोरं पान फाडून बटव्यात ठेवलं. कशाला, विचारलं तर म्हणाली, "असू दे."